युयुत्सूचा अपराध

‘गद्दार’ हा शब्द हल्ली फार स्वस्त झाला आहे. आमच्या लहानपणी ‘फितूर’ हा शब्द इतिहासाच्या पुस्तकात भेटायचा आणि तो उच्चारताना जीभ जरा अडखळायची. कारण त्याच्यामागे किल्ले पडल्याच्या, माणसे कापली गेल्याच्या हकिकती उभ्या असत. आता मधल्या सुट्टीत आठवीतला पोरगासुद्धा दुसऱ्याला ‘गद्दार’ म्हणून मोकळा होतो. त्या दुसऱ्याचा अपराध विचाराल, तर काल तो एका बाजूने चेंडू टाकत होता आणि आज दुसऱ्या बाजूने टाकतो आहे, एवढाच. पोरे असले शब्द मोठ्यांच्या तोंडून उचलतात. म्हणून मोठ्यांनीच हा शब्द एकदा तपासून घ्यावा, असे मला वाटते.

तपासायला एक उदाहरण हाताशी आहे. हार्दिक पंड्या हा सुरतेत जन्मलेला आणि बडोद्यात वाढलेला खेळाडू. २०१५ साली मुंबई इंडियन्सने त्याला दहा लाख रुपये या मूळ किमतीला घेतले. त्या संघाने २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० या वर्षी विजेतेपद मिळवले, तेव्हा चारही वेळा तो संघात होता. २०२१ च्या अखेरीस दोन नवे संघ येणार म्हणून जुन्या संघांना मोजकेच खेळाडू राखता येणार होते. मुंबईने रोहित शर्मा, बुमराह, सूर्यकुमार यादव आणि पोलार्ड यांना राखले, पंड्याला राखले नाही. नव्या गुजरात टायटन्सने त्याला कप्तान केले आणि पहिल्याच वर्षी, २०२२ मध्ये, त्याने त्यांना चषक मिळवून दिला. पुढच्या वर्षी संघ अंतिम सामन्यापर्यंत जाऊन चेन्नईकडून हरला. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबईने गुजरातशी रोखीचा व्यवहार करून त्याला परत आणले आणि १५ डिसेंबरला, पाच चषक जिंकून देणाऱ्या रोहित शर्माच्या जागी त्याचे नाव कप्तान म्हणून जाहीर केले.

त्यानंतर जे झाले ते सर्वांनी पाहिले. २४ मार्च २०२४ रोजी अहमदाबादच्या मैदानावर त्याची हुर्यो उडवली गेली. का, तर हा आम्हाला सोडून गेला. १ एप्रिलला मुंबईच्या वानखेडे मैदानावर, म्हणजे स्वतःच्या संघाच्या घरी, नाणेफेकीलाच त्याची हुर्यो उडवली गेली. का, तर हा आमच्या रोहितच्या जागी आला. नाणेफेकीचे सूत्रसंचालन करणाऱ्या संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना ‘नीट वागा’ असे सांगावे लागले. आठवडाभराच्या अंतराने एकच माणूस एका गावात पळपुटा ठरला आणि दुसऱ्या गावात उपरा. सीमाभागातल्या आपल्यासारख्यांना या अवस्थेची थोडीफार ओळख आहे. १९५६ पासून आपण मुंबईला गेलो की ‘कर्नाटकातले’ आणि बंगळूरला गेलो की ‘महाराष्ट्रातले’. दोन्हीकडे स्वतःचे घर आहे असे म्हणायचे आणि दोन्हीकडे दारात उभे राहून ओळख पटवून द्यायची, हे आपल्या पाचवीला पुजलेले आहे. त्यामुळे या प्रश्नाकडे आपण जरा सावकाश पाहू शकतो, नव्हे, पाहायला हवे.

पहिला प्रश्न असा, की पंड्याचा अपराध नेमका कोणता? करार मोडला म्हणावे तर तसे झालेले नाही. व्यवहार नियमांत बसणारा होता आणि दोन्ही संघांच्या मालकांनी तो राजीखुशीने केला होता. पैशासाठी गेला म्हणावे, तर त्या स्पर्धेत प्रत्येक खेळाडूची बोलीच लागते. किंमत ठरवून उभ्या केलेल्या माणसाला ‘तू किमतीचा विचार का केलास’ असे विचारणे बरे नव्हे. कप्तानपद हिसकावून घेतले म्हणावे, तर ते देणारे हात दुसऱ्यांचे होते. शिवाय २०२१ मध्ये मुंबईनेच त्याला सोडले, त्या दिवशी कोणी ‘संघाने आपल्या माणसाशी दगाबाजी केली’ म्हणून मैदान डोक्यावर घेतल्याचे ऐकिवात नाही. मालकाने खेळाडूला सोडले की तो हिशेब ठरतो आणि खेळाडूने मालकाला सोडले की तो द्रोह ठरतो. एकाच कृत्याला अशी दोन नावे पडली, की न्यायाचा काटा कुठेतरी अडकला आहे असे समजावे.

राग खेळाडूवरच का निघतो, याचे कारण फार खोल नाही. मालक काचेआड बसलेला असतो. निर्णय बंद खोलीत, आकड्यांच्या कागदांवर झालेला असतो. मैदानात उघडा पडलेला असतो तो खेळाडू. त्याला चेहरा आहे, पाठीवर नाव आहे. सरकारी कचेरीत कायदा करणारा भेटत नाही, म्हणून खिडकीतल्या कारकुनावर आपण ओरडतो, त्यातलाच हा प्रकार.

काही वाचकांच्या मनात या ठिकाणी राजकारणातले पक्षांतर येईल. त्या दोन गोष्टी एका मापाने मोजू नयेत. लोकप्रतिनिधी एका चिन्हावर मत मागतो आणि पक्ष बदलताना मतदाराने दिलेली ती ठेव बरोबर घेऊन जातो. म्हणून तर १९८५ साली बावन्नावी घटनादुरुस्ती करून पक्षांतराला आळा घालावा लागला. खेळाडू जाताना आपले हातपाय आणि आपले कसब घेऊन जातो. ती कोणाची ठेव नसते. मागे मिळवलेले चषक तर तिथेच कपाटात राहतात.

एवढ्यावर थांबून ‘प्रेक्षक मूर्ख आहेत’ असा निकाल देणे सोपे आहे. शहाणी म्हणवणारी माणसे तो देतातही. मला तो मान्य नाही. माणसाला संघ लागतो, तसा गाव लागतो, भाषा लागते. ज्याला आयुष्यात फारसे काही जिंकता येत नाही, त्याला शनिवार-रविवारी आपल्या संघाबरोबर जिंकता येते. त्या जिंकण्यात एक माणूस बिनीला असतो आणि त्याच्या पाठीवरचे नाव आपण आपल्या सदऱ्यावर छापून घेतलेले असते. तो गेला की आपल्या सदऱ्यालाच अर्थ उरत नाही. हे दुःख खोटे नाही.

ते किती खरे असू शकते, हे पाहायचे तर स्पेनमधल्या बार्सिलोना शहराकडे जावे लागेल. तिथला फुटबॉल क्लब १८९९ मध्ये स्थापन झाला. स्पेनच्या त्या भागाची भाषा कातालान. ती स्पॅनिशहून वेगळी. १९२५ मध्ये क्लबच्या मैदानावर प्रेक्षकांनी स्पेनच्या राष्ट्रगीताच्या वेळी शिट्ट्या मारल्या म्हणून प्रिमो दे रिवेराच्या हुकूमशाही राजवटीने ते मैदान काही महिने बंद ठेवले. पुढे फ्रँकोच्या राजवटीत क्लबचे नावसुद्धा स्पॅनिश वळणाचे करण्यात आले. मूळ कातालान वळण परत मिळायला १९७४ साल उजाडले. जी भाषा कचेरीत आणि शाळेत बोलता येत नव्हती, ती मैदानावरच्या गर्दीत बोलता येत होती. अशा लोकांसाठी तो क्लब खेळापुरता कसा राहील? पाटीवरची भाषा आणि शाळेच्या दाखल्यावरची भाषा हे ज्या जिल्ह्यांत घरोघरचे विषय आहेत, तिथल्या वाचकांना हे समजावून सांगायला नको.

या बार्सिलोनाचा लाडका खेळाडू लुईस फिगो जुलै २००० मध्ये माद्रिदच्या रेआल संघात गेला. माद्रिद म्हणजे राजधानी. बार्सिलोनाच्या लेखी सत्तेचे आणि सक्तीचे गाव. सुमारे सहा कोटी युरोंचा, त्या काळातला जगातला सर्वांत मोठा व्यवहार होता. त्या ऑक्टोबरमध्ये तो जुन्या मैदानावर खेळायला आला, तेव्हा त्याच्यावर नाणी, बाटल्या, जे हाती लागेल ते फेकले गेले. २३ नोव्हेंबर २००२ च्या सामन्यात तो कोपऱ्यातून चेंडू मारायला गेला असता पडलेल्या वस्तूंमध्ये डुकराचे मुंडके होते. सामना पाव तास थांबवावा लागला.

इथे दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत. फिगो गेला, ही एक. जाण्याच्या थोडे दिवस आधी ‘मी कुठे जात नाही’ असे त्याने वृत्तपत्रातून चाहत्यांना सांगितले होते, ही दुसरी. माझ्या मते त्याचा दोष दुसऱ्या गोष्टीत आहे, पहिलीत नाही. जाणे हा त्याचा हक्क होता. दिलेल्या शब्दावर विसंबून राहिलेल्यांना अंधारात ठेवणे हा हक्क नव्हता. मात्र दोष दाखवणे वेगळे आणि डुकराचे मुंडके फेकणे वेगळे. ज्याने मुंडके फेकले, त्याने आपल्या भाषेची किंमत वाढवली नाही. आणखी एक गंमत अशी, की हा कातालान अभिमानाचा क्लब स्थापन करणारा माणूस जन्माने कातालान नव्हता. तो स्वित्झर्लंडचा, हान्स गाम्पर त्याचे नाव. त्या भूमीवर जीव जडला तेव्हा त्याने ‘हान्स’चे ‘जोआन’ करून घेतले. फिगो स्वतः पोर्तुगालचा. म्हणजे ज्याला ‘आमचा’ म्हणून डोक्यावर घेतले, तोही बाहेरूनच आलेला. येणाऱ्याला आपला म्हणताना आपण जन्म पाहत नाही. जाणाऱ्याच्या बाबतीत मात्र तो जणू आपल्या उदरी जन्मला होता असे धरून चालतो.

जाणे आणि फसवणे यांतला हा फरक आपल्या महाभारताने फार पूर्वी दाखवून ठेवला आहे. कुरुक्षेत्रावर दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी राहिल्यावर युधिष्ठिराने मोठ्याने विचारले, की कोणाला आमच्या बाजूला यायचे आहे का. तेव्हा धृतराष्ट्राचा एक मुलगा, युयुत्सू, कौरवांच्या रांगेतून निघाला आणि सर्वांच्या देखत पांडवांकडे गेला. त्याने कोणाचे गुपित बरोबर नेले नाही, रात्री दार उघडून दिले नाही. त्याच युद्धात दुसरा माणूस आहे मद्रदेशाचा राजा शल्य, नकुल-सहदेवांचा सख्खा मामा. तो निघाला होता पांडवांकडे. वाटेत दुर्योधनाने उभारलेल्या पाहुणचाराने खूश होऊन वर देऊन बसला आणि त्याच्या बाजूने लढला. तो शेवटपर्यंत कौरवांच्या छावणीत राहिला, तिथेच मेला. पण सतराव्या दिवशी कर्णाचे सारथ्य करताना त्याने काय केले, हे सर्वांना ठाऊक आहे. कर्णाच्या रथावर बसून त्याने कर्णाचाच धीर खच्ची केला, आणि तसे करण्याचा शब्द त्याने युधिष्ठिराला आधीच दिला होता.

आता सांगा, दगा कोणी दिला? जो उघडपणे गेला त्याने, की जो देहाने राहिला आणि मनाने गेला त्याने? आपल्या हजेरीपटावर शल्य ‘हजर’ आहे आणि युयुत्सू ‘गैरहजर’. एवढ्यावरून निष्ठेचे गुण द्यायचे ठरवले, तर शल्याला पैकीच्या पैकी द्यावे लागतील. कोणत्याही संस्थेत पंचवीस वर्षे काढलेल्या माणसाला असे काही शल्य नावानिशी सांगता येतील. राहणे म्हणजे निष्ठा, असे मानणाऱ्या समाजात त्यांचे फार चांगले चालते. आणि युयुत्सूचे पुढे काय झाले? पांडव महाप्रस्थानाला निघाले, तेव्हा परीक्षिताला गादीवर बसवून राज्य सांभाळायला त्यांनी मागे ठेवले ते याच युयुत्सूला. कौरवांच्या रांगेतून निघून आलेल्या माणसावर त्यांनी हस्तिनापूर सोपवले.

तरीही उघडपणे जाणे म्हणजे सारे संपले, असेही नाही. जाण्याची एक रीत असते. अमेरिकेतला बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्स ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावचा. शेजारच्या क्लीव्हलंड शहराच्या संघात तो सात वर्षे खेळला. त्याचा करार पूर्ण झाला होता. कोणाला दिलेला शब्द त्याने मोडला नाही. परंतु ८ जुलै २०१० रोजी त्याने आपण मायामीला जाणार हे दूरचित्रवाणीवर एक खास कार्यक्रम करून सांगितले. ज्या गावाने त्याला वाढवले, त्याला ती बातमी साऱ्या जगाबरोबर पडद्यावर पाहावी लागली. रस्त्यात त्याच्या नावाचे सदरे जाळले गेले आणि संघाच्या मालकाने त्याला भ्याड आणि विश्वासघातकी ठरवणारे जाहीर पत्र प्रसिद्ध केले. घरातून निघालेल्या मुलाने आईला सांगण्याऐवजी चावडीवर दवंडी पिटावी, तसे ते झाले होते, हे खरे. पण पुढची हकिकत बघा. २०१४ मध्ये तोच लेब्रॉन क्लीव्हलंडला परतला, त्याच मालकाने त्याला परत घेतले, आणि २०१६ मध्ये १-३ असे मागे पडल्यावर सलग तीन सामने जिंकून त्याने त्या शहराला मोठ्या खेळांतले बावन्न वर्षांतले पहिले अजिंक्यपद मिळवून दिले. मालकाच्या पत्रातले शब्द अखेरचे मानले असते, तर हा दिवस त्या शहराला दिसलाच नसता. रागाच्या भरात दार बंद करणाऱ्याने निदान कडी आतून घट्ट लावू नये.

हा सगळा विचार मी खेळाडूंसाठी करत नाही. त्यांना माझ्या सल्ल्याची गरज नाही. आपल्या जिल्ह्यात हाच खेळ मैदानाबाहेर चालतो आणि तिथे हुर्यो ज्याची उडते, तो कोट्यधीश नसतो. शाळा सुरू होण्याच्या दिवसांत माझ्या टेबलासमोर पालक उभे राहतात. त्यांना मुलाचा दाखला हवा असतो. कोणी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घालणार असतो, कोणी कन्नड माध्यमाच्या. ‘सर, पोराचं पुढचं बघायला पाहिजे की,’ एवढेच ते बोलतात आणि नजर टेबलावर ठेवतात. नजर खाली असते ती माझ्या भीतीने नव्हे. गल्लीत, मंडळात, लग्नाच्या पंगतीत त्यांना काय ऐकून घ्यावे लागणार आहे, हे त्यांना ठाऊक असते. ज्या माणसाने तरुणपणी मोर्च्यात लाठ्या खाल्ल्या, त्यालाही एका दाखल्यापायी ‘तू मराठीशी बेइमान झालास’ असे ऐकवणारे भेटतात. आणि ऐकवणाऱ्यांपैकी काहींची स्वतःची नातवंडे पुण्या-मुंबईत इंग्रजी शाळेत शिकत असतात.

दाखल्यावर सही करताना मला वाईट वाटते, हे मी लपवत नाही. एक मूल गेले की पट एकाने कमी होतो. पट कमी होत गेला की तुकडी बंद पडते, तुकडी बंद पडली की एक शिक्षक अतिरिक्त ठरतो, आणि मागे राहिलेल्या मुलांना भूगोल कोण शिकवणार हा प्रश्न उभा राहतो. जाणाऱ्याच्या जाण्याची किंमत राहणाऱ्यांना मोजावी लागते. जाणाऱ्याचे स्वातंत्र्य मान्य करणाऱ्या पुष्कळ लेखांत ही किंमत लिहिलेली नसते, म्हणून ती इथे लिहिली. पण ती किंमत त्या पालकाच्या मानेवर लादून वसूल होत नाही. चारचौघांत अपमान केलेला पालक धाकट्या मुलाला आपल्या शाळेत आणून घालत नाही. तो मराठी वाचनालयाची वर्गणीही बंद करतो, आणि हळूहळू घरातही भाषा बदलतो. दाखल्याने गेलेले मूल शाळेपुरते गेलेले असते. भाषेतून त्याला घालवतो तो आपला टोमणा. मग ‘मूल का गेले?’ हा प्रश्न पालकाऐवजी शाळेला, संस्थेला आणि पुढाऱ्यांना विचारलेला काय वाईट? वानखेडेवरही प्रश्न काचेआड बसलेल्यांना विचारायचा होता, तो मैदानातल्या माणसाला विचारला गेला.

मग निष्ठेला काही अर्थच नाही का? आहे, आणि मोठा आहे. विराट कोहली दिल्लीचा. २००८ मध्ये विशीही न गाठलेला तो बंगळूरच्या संघात आला आणि तिथेच राहिला. संघ हरत राहिला, दरवर्षी ‘ई साला कप नमदे’ म्हणणाऱ्यांची चेष्टा होत राहिली, आणि अठराव्या हंगामात, ३ जून २०२५ रोजी, तो कप खरोखर ‘नमदे’ झाला. आमच्या शाळेतली कन्नड घरची आणि मराठी घरची मुले त्या दिवशी एकमेकांच्या गळ्यात पडली होती. त्रिनिदादचा कायरन पोलार्ड २०१० पासून मुंबईकडून खेळला आणि २०२२ मध्ये, मुंबईकडून खेळणार नसलो तर मुंबईविरुद्धही खेळणार नाही, अशा अर्थाचे निवेदन करून त्या स्पर्धेतून निवृत्त झाला. हे वाचून ऊर भरून येतो. का येतो? कोहलीला जाता आले असते आणि तो गेला नाही, म्हणून. पोलार्डला दुसरीकडे पैसे मिळाले असते आणि त्याने ते घेतले नाहीत, म्हणून. दार उघडे असताना जो थांबतो, त्याच्या थांबण्याला मोल आहे. दार बंद करून, शिव्यांचा धाक घालून थांबवले, तर त्या थांबण्याला आपल्या भाषेत वेठ म्हणतात. निष्ठा ही दक्षिणेसारखी आहे. ती देणाऱ्याने आपणहून ठेवायची असते. मागणाऱ्याने हात धरून वसूल केली, की तिची पट्टी होते.

कोल्हापूर आम्हाला जवळचे. तिथल्या फुटबॉलमध्ये संघ म्हणजे पेठेची तालीम किंवा मंडळ. पाटाकडील, खंडोबा, शिवाजी तरुण ही नावे तिथल्या पोरांना पाढ्यांसारखी पाठ. पेठेतला पोरगा दुसऱ्या पेठेकडून खेळायला गेला, की शाहू स्टेडियमवर त्याला बोलणी खावी लागतात. तिथले नाते कंपनीच्या संघाहून घट्ट आहे, कारण तालमीने त्याला लहानपणापासून पाहिलेले असते. पण सामना संपल्यावर त्याला राहायचे असते त्याच गल्लीत. त्याची आई त्याच किराणा दुकानात जाणार असते. म्हणून तिथल्या जाणत्या माणसाने सांभाळायची गोष्ट एकच, की बोलणी मैदानातच संपली पाहिजेत आणि घराच्या उंबऱ्यापर्यंत येता कामा नयेत. मैदानावर प्रतिपक्षाला चिडवणे हा खेळाचाच भाग आहे, तो मी काढून टाका म्हणत नाही. पण तिकीट काढल्याने खेळ पाहण्याचा आणि खेळावर टीका करण्याचा हक्क मिळतो. माणसाची विटंबना करण्याचा हक्क कोणत्याही तिकिटावर छापलेला नसतो.

ज्यांना खेळ आतून कळतो, त्यांनी या हुर्योत भाग घेतला नाही, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. १ एप्रिलच्या त्या सामन्यात, ज्याच्या नावाने लोक ओरडत होते त्या रोहितनेच सीमारेषेजवळून प्रेक्षकांना शांत राहण्याची खूण केली. ११ एप्रिलला वानखेडेवर बंगळूरचा संघ आला, तेव्हा प्रतिपक्षाच्या कोहलीने हातवारे करून लोकांना थांबवले. हा आपल्या भारताचा खेळाडू आहे, असे त्याचे म्हणणे होते. मुंबईचा संघ त्या वर्षी चौदापैकी चारच सामने जिंकून तळाला राहिला.

आणि मग २९ जून २०२४ उजाडला. बार्बाडोसला विश्वचषकाचा अंतिम सामना. दक्षिण आफ्रिकेचा क्लासेन सामना हिरावून नेत असताना पंड्याने त्याला बाद केले. शेवटच्या षटकात सोळा धावा हव्या होत्या, चेंडू पंड्याच्याच हातात होता. पहिल्याच चेंडूवर मिलरचा तो झेल सूर्यकुमारने सीमारेषेवर घेतला आणि भारत सात धावांनी जिंकला. रोहितने त्याला मिठीत घेतले. ४ जुलैला विजयी संघ वानखेडेवर आला, तेव्हा तेच मैदान ‘हार्दिक, हार्दिक’ अशा गजराने दुमदुमले.

अनेकांनी याला प्रायश्चित्त म्हटले, क्षमा म्हटले. मला तसे म्हणवत नाही. क्षमा म्हणायची, तर ती त्याने हरल्यावरही मिळायला हवी होती. मिलरचा तो चेंडू आणखी हातभर पुढे गेला असता, तर तेच गळे काय ओरडले असते? ज्या प्रेक्षकांनी खेळाडूला निष्ठेची परीक्षा द्यायला लावली, त्यांची स्वतःची निष्ठा हातभर अंतराची होती. पंड्या तीन महिन्यांत बदलला नव्हता. एप्रिलमध्ये तो जेवढा खरा होता, तेवढाच जुलैमध्ये होता. बदलली होती ती गर्दी. दोन बाजू बदलण्याचा आरोप कोणावर करायचाच असेल, तर तो कोणावर करावा, हे वाचकांनीच ठरवावे.

जाणाऱ्याकडून तीन गोष्टींची अपेक्षा करण्याचा आपल्याला हक्क आहे. घेतलेले काम पुरे करून जावे. जायचे ते तोंडावर सांगून जावे. आणि गेल्यावर मागच्या घराची निंदा करू नये. या तीन पाळणाऱ्याला गद्दार म्हणता येत नाही, मग तो मैदानातला असो की शाळेचा दाखला मागायला आलेला असो. आणि राहणाऱ्यांनी एक गोष्ट करावी. त्याला नीट निरोप द्यावा. वाईट वाटले तर वाईट वाटले असे म्हणावे, डोळे भरून आले तर येऊ द्यावेत, पण परतीच्या वाटेवर काटे पसरू नयेत.

आपल्या घरांत निघताना ‘जातो’ म्हणू देत नाहीत. म्हातारी माणसे लगेच दटावतात, ‘जातो म्हणू नये, येतो म्हणावं.’ आमच्या शेजारच्या कन्नड घरांतही माणूस निघताना ‘बर्तीनी’ म्हणतो. त्याचाही अर्थ ‘येतो’ असाच. दोन भाषा एका गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या नांदल्या, तेव्हा जाणाऱ्याला काय म्हणायचे याबाबत दोघींचे एकमत झालेले दिसते. मुलांना आपण पाठ करून घेण्यासारखे पुष्कळ काही शिकवतो. हेही शिकवावे.